साच्यावरचा चमचा

"हा चमचा जप. हरवलास तर मेण मिळायचं न्हाई," आण्णाप्पामामा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात एक दांडी वाकलेला स्टीलचा चमचा कोंबला.

माझा पहिला दिवस. मी म्हटलं, मेणबत्त्या करायच्यात की भात खायचाय? बाकावरचे सगळे हसले. मी एवढी घाबरलेली होते ना, की आपण काहीतरी बोललो आणि लोक हसले, याचंच मला बरं वाटलं.

दिव्या, तू लाव ती मेणबत्ती, माझ्यासाठी थांबू नकोस. लाइट कधी येतोय काय माहीत. मला काय, मला सारखंच. पण तिचा वास आला आणि हे सगळं एकदम वर आलं, आता सांगितल्याशिवाय मला राहवायचं नाही. बसा गप.

तर इचलकरंजीच्या पार कडेला, यंत्रमागांच्या शेडला लागून, आमची उद्योगशाळा होती. अंधांची, राहायचं-जेवायचंही तिथेच. माझे डोळे सोळाव्या वर्षी गेले, दोन वर्षं मी घरात नुसती भिंतीला पाठ लावून बसले, मग मामेभावाने इथे आणून सोडलं. काम एकच, मेणबत्त्या. वाढदिवसाच्या रंगीत वगैरे नाही हं, साध्या, पांढऱ्या, किराणा दुकानात मिळतात त्या. मेणाच्या लाद्या यायच्या, पाटीसारख्या गुळगुळीत, त्या फोडायच्या. त्यात स्टिअरिकची पूड पडायची, म्हणजे मेणबत्ती कडक होते आणि साच्यातून झटकन सुटते. वातीचं सूत शेजारच्या मागवाल्यांकडून यायचं. साचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची दोन दारं, पुस्तकासारखी उघडणारी. तेलाचा बोळा फिरवायचा, वात ओढून वरच्या-खालच्या खुंट्यांना ताणून बांधायची, साचा मिटायचा, कड्या लावायच्या. वर एक पन्हळ असते, त्या पन्हळीत मेण ओतलं की सगळ्या भोकांत उतरतं. मग साचा पाण्याच्या परातीत. थिजलं की वरचं मेण सुरीने तासायचं, कड्या काढायच्या, की आत ओळीने मेणबत्त्या. पहिल्यांदा माझ्या हातात त्या आल्या ना, गार, सरळ, एकसारख्या, तेव्हा मला खरंच रडू आलं.

हे सगळं आम्ही करायचो. फक्त चूल आणि किटली आमच्या हातात द्यायची नाही, असा नियम. पूर्वी कधीतरी कुणीतरी भाजलं होतं म्हणे. ते काम मालनमावशीचं. आमच्या सगळ्यांत डोळस एकटी तीच. म्हणजे घोरपडे सर होते, पण ते ऑफिसात. मावशी पन्नाशी उलटलेली, नवरा मागावर कामाला होता तो गेला, मूलबाळ नाही. कारखान्याच्या मागची एक खोली तिला संस्थेने दिलेली. काम आहे तोवर खोली.

ती चुलीवरून उकळतं मेण मोठ्या किटलीत घेऊन यायची आणि चालताना सतत म्हणायची, "किटली, किटली, किटली." गाण्यासारखं. ते ऐकू आलं की पाय आत घ्यायचे, हात मांडीवर. आणि मग चमचा. ज्याचा साचा तयार, त्याने पन्हळीच्या कडेवर चमचा वाजवायचा. रिकामा साचा टणटण बोलतो. मावशी त्या आवाजाशी यायची, ओतायला लागायची, तसतसा आवाज जड होत जायचा, टण, टण, मग ठक. ठक झालं की आपण थांबायचं. आपण थांबलो की मावशी थांबायची. मला वाटलं, अंधांच्या कारखान्याची ही पद्धतच असते. मला भारी आवडली. सात-आठ चमचे एकदम वाजायचे आणि मध्ये मावशीचं ते किटली किटली. हौसाताई म्हणून होत्या समोरच्या बाकावर, जिभेने तिखट, त्या म्हणायच्या, "आली बघा मेणराणी, वाजवा रे बँड." मावशी म्हणायची, "गप बस, नायतर तुझ्या नरड्यात वतीन."

आता मावशीचं मला कसं कळलं ते ऐका.

मी मागच्या पायरीवर बसले होते. एकटीच, अगदी गप्प. मावशी खोलीतून निघाली. पावलं येतायत, येतायत, मला वाटलं बाजूने जाईल. तर सरळ माझ्यावर. तिचा गुडघा माझ्या कानाला लागला, हातातलं भांडं दगडावर पडलं, आणि ती माझ्यावर ओरडली, "आंधळी हायस काय गं?"



मला आधी हसू आलं. तीही हसली. पण हसता हसता ती खाली वाकून भांडं शोधायला लागली, आणि तो आवाज, अरे, तो आवाज मला पाठ होता. दोन वर्षं घरात मी तोच आवाज करत होते. तळवा जमिनीवरून असा हळू सरकवायचा, कुणाला कळू नये म्हणून, जणू आपण नुसता हात टेकलाय. भांडं माझ्या पायाशी होतं. मी उचलून तिच्या हातात दिलं.

"मावशी, किती दिवस?"

तिने भांडं पदराने पुसलं. मग माझ्याशेजारी बसली. शुगर होती तिला, गोळ्या कधी घ्यायची, कधी नाही. म्हणाली, आधी कडा गेल्या, मग मध्ये डाग आले, आता कोण आलं तर नुसतं काळं हलल्यागत दिसतं. चूल हाताला माहीत आहे, वाट पायाला माहीत आहे. मी म्हटलं, सरांना सांग, इथेच आमच्यात बस साच्यावर. तर ती म्हणाली, तिचं आडून आडून विचारून झालंय, साच्यावर नवीन माणूस पंचेचाळिशीच्या आतलं लागतं.

"रेश्मा, कुणाला बोलू नगंस," ती म्हणाली. "डोळं गेलं तर गेलं. खोली गेली तर मी कुठं जाऊ?"

मी शब्द दिला. आणि मला ना, तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं, की हे एवढं मोठं आपल्या एकटीलाच माहीत आहे.

मग पूर आला. पंचगंगा गावात शिरली, आम्ही उंचावर म्हणून वाचलो, पण लाइट गेला तो गेलाच. शेजारचे माग बंद. मी आल्यापासून मागांचा तो खडखडाट कानात चोवीस तास असायचा, तो थांबला तेव्हा मला वाटलं माझे कानही गेले. आणि मेणबत्त्यांना मागणी केवढी. सगळा तालुका अंधारात. लोक कमरेएवढ्या पाण्यातून येऊन सरांच्या पाया पडायचे, पाकीट द्या, दोन द्या. आभाळ असं भरलेलं की म्हणे भर दुपारी हाताला हात दिसत नव्हता. आम्हाला काय फरक? आम्ही करत होतो. हौसाताई म्हणायच्या, आता कळू दे गावाला. आणि मावशी, खोटं नाही सांगत, मावशी त्या दिवसांत खुशीत होती. कारण सगळेच चाचपडत होते. सरही दाराला ठेचकाळत होते. तिचं चाचपणं त्यात खपून जात होतं. तिने एकदा आम्हाला गूळ घालून चहा पण केला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सर उत्साहात आले. कुठून तरी डिझेलचा जनरेटर मिळवला होता. खिडकीखाली आणून ठेवला. मामा म्हणाले, सर, आम्हांला कशाला लाइट? सर हसले.

"तुम्हाला नको हो. मालनबाईंसाठी आणलाय. त्या बिचाऱ्या अंधारात उकळतं मेण घेऊन फिरतात, मला झोप लागत नाही."

मावशी म्हणाली, नगं साहेब, सवय झाली. सर म्हणाले, सवय कसली, काही झालं म्हणजे. हौसाताई म्हणाल्या, त्याच्या धुराने मेणाला वास लागेल. सर म्हणाले, लोकांना उजेड हवाय, वास कोण बघतोय. माझ्या डाव्या हाताला मामा बसले होते. त्यांच्या चमच्याची दांडी बाकावर घासत होती.

आणि जनरेटर सुरू झाला.

तुम्ही कधी ऐकलाय तो, बंद खोलीत, खिडकीखाली? बाक थरथरत होता, साचे एकमेकांवर वाजत होते. मी माझा चमचा वाजवला, मला माझाच ऐकू आला नाही. दाराशी उभे राहून सर ओरडून म्हणत होते, आता कसं लख्ख झालं बघा. आणि त्या गदारोळात, आमच्या अगदी पाठीशी, मला मावशीचं कळलं. आवाजाने नाही, किटलीची धग मानेला लागली म्हणून. ती तिथे उभी होती. नुसती उभी.

"ओता की बाई, थांबलात का?" सर ओरडले.

मामा जोरजोरात चमचा मारत होते, त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं म्हणून कळत होतं. मग ते कोपर थांबलं. मामांनी दुसरा हात वर केला असणार, किटलीची चोच चाचपून पन्हळीवर आणायला. आणि नेमकं तेव्हाच तिने किटली वाकवली.

त्यांची मांडी माझ्या मांडीला लागून होती. ती अशी उडाली, आणि मग थरथरायला लागली, थांबेचना. तोंडातून आवाज नाही. एक आवाज नाही. मला वाटतं, सर दारात होते म्हणून. मावशी ओततच होती. तिला थांबवणारा ठक कुठून येणार? साचा भरला, पन्हळ भरली, मेण बाकावर आलं आणि माझ्या मांडीवर गळलं, तेव्हा मी किंचाळले. म्हणजे भाजलं मामांना आणि किंचाळले मी.

सरांनी धावत येऊन मामांचा हात पाण्याच्या बादलीत घातला. त्यांच्या डाव्या हाताची चारही बोटं मेणात मढली होती, आणि डॉक्टरांनी ते मेण काढलं तेव्हा त्याबरोबर कातडं आलं. पण ते नंतर. तेव्हा सर नुसते ओरडत होते, हात मध्ये कशाला घातलात, नियम काय आहे?

"चुकलं, सर," मामा म्हणाले. "ध्यान न्हवतं."

मी मावशीच्या बोलण्याची वाट बघत होते. मला अगदी खात्री होती की ती बोलणार. जनरेटर बंद झाला, कान बधिर झाले होते, तरी मी कान लावून होते. ती म्हणाली, "मेण सांडलंय, पाय बाजूला घ्या." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेले. ते पुरुषांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात खाटेवर होते. मी म्हटलं, मामा, मला एक माहीत आहे, मी शब्द दिलाय म्हणून बोलत नाही, पण चूक तुमची नव्हती.

ते म्हणाले, "पोरी, चमचा कुणासाठी वाजवतो आपण?"

मी म्हटलं, साचा कुठं आहे ते कळायला.

"कुणाला कळायला?"

मला तरी उमगेना. ते मला समजावल्यासारखं सांगायला लागले.

"गेल्या दिवाळीच्या आधी चमचे न्हवते. तिला दिसायचं, ती वतायची. मग एकदा साच्याच्या भाईर वतलं. मग आणिक एकदा. कुणी काय बोललं न्हाई. मी सैपाकघरातनं एक चमचा आणला. दुसऱ्या दिवशी हौसानं आणला. मग सगळ्यांनीच आणलं."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"आंधळ्यांपासनं हे लपतंय व्हय?"

"आणि तिला? तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे हे तिला माहीत आहे?"

"इचारलं न्हाई कधी," मामा म्हणाले. "आपून वाजवतो, ती वतते."

तेवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाला भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज आला. तसाच, हळू, टेकल्यासारखा. मामांनीही ऐकला असणार. ते बोलायचे थांबले. हात मध्येच थांबला, तिथेच राहिला, आणि मग उलटा सरकत गेला. मावशीने वाटीत काहीतरी आणलं होतं, तुपाचा वास मागे राहिला होता.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मध्ये विचारत बसाल. मामांच्या त्या बोटांना परत कधी काही कळलं नाही. कातडं आलं, पण गुळगुळीत, बोथट. लहानपणापासून त्याच हाताने ते ब्रेल वाचायचे, वातीचा पीळ बघायचे. तो हात त्यांना नुसता वजनासारखा राहिला. सरांनी त्यांना साच्यावरून काढून पाकिटं भरायला बसवलं. आणि मावशीची खोली गेली. सर वाईट नव्हते हो, त्यांनी चार ठिकाणी शब्द टाकला, पण शेवटी तिचा कुणी चुलतदीर आला, शिरोळकडचा, त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ती गेली. गाठोडं मांडीवर. परत काही कळलं नाही.

पण मावशीचं ते जाणं त्या आठवड्याच्या शेवटी. त्याआधीचा दिवस सांगायचा राहिला.

मामा पाकिटांच्या कोपऱ्यात बसलेले, हाताला बँडेज. हौसाताईंनी सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज कुणी चमच्याला हात लावायचा नाही. मामाची बोटं गेली आणि ती म्हणते पाय बाजूला घ्या. आता तिच्या तोंडाने तिला सांगू दे. कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही. कोपऱ्यात मामांच्या हातातलं पाकीट कुरकुरायचं थांबलं.

"किटली, किटली, किटली."

ती चुलीकडून आली. लाइट नव्हताच, जनरेटर परत गेला होता, माग बंद. एवढी शांतता मी त्या कारखान्यात कधी ऐकली नव्हती. सर मध्ये उभे राहून पाकिटं मोजून घेत होते. आमच्या सगळ्यांचे साचे तयार होते, मिटलेले, कड्या लावलेल्या, वाती ताणलेल्या. सगळ्यांचे हात मांडीवर.

मावशी बाकांच्या मध्ये येऊन थांबली. परत म्हणाली, किटली, किटली. हळू. परातीतल्या पाण्यात कुठूनसा एक थेंब पडला, तेवढाच आवाज. ती तिकडे वळली, तिची साडी सळसळली, मग थांबली. मग तिने नुसतं एकदाच म्हटलं, "किटली." विचारल्यासारखं.

समोर हौसाताईंचा श्वास मला ऐकू येत होता. माझा चमचा माझ्या ओच्यात होता, मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मागून पावलं आली. फरफटत, सावकाश. पाकिटांच्या कोपऱ्यातून. औषधाचा वास माझ्या खांद्यावर आला, आणि मामांनी वाकून माझ्या हातातून चमचा काढून घेतला. मी सोडला. आणि त्यांनी माझ्या साच्याच्या कडेवर तो वाजवला.

टण.

मावशी आली. दोन पावलं. किटलीची धग माझ्या गालाला लागली. मामा वाजवत होते, टण, टण, एकसारखं, जसं रोज. मेण ओतलं जाणार म्हणून मी अंग चोरून बसले. मेण आलं नाही.

"साहेब," मावशी म्हणाली. "मला दिसत न्हाई."

पाकिटं मोजता मोजता सर म्हणाले, "लाइटचं ना? मी परत त्या जनरेटरवाल्याकडे माणूस पाठवतो, तोवर जरा—" आणि मग त्यांचा आवाज बदलला. ते दोन पावलं पुढे आले. "मालनबाई. अहो, ऊन पडलंय. इतक्या दिवसांनी लख्ख ऊन पडलंय, सगळं आत आलंय."

"पडलं असंल," मावशी म्हणाली.

किटलीची मूठ तिच्या हातात कुरकुरत होती, जड असते ती. मग तिने मोकळा हात पुढे केला आणि बाक चाचपायला लागली. हळू नाही, लपवून नाही. थपथप, आमच्यासारखा, सगळ्यांदेखत. हात माझ्या साच्यावरून गेला, परातीला लागला, पाणी हिंदकळलं, तो मागे आला.

मामांनी साच्यावरून चमचा उचलला आणि बाकाच्या मोकळ्या फळीवर वाजवला.

"इथं," ते म्हणाले. "इथं ठेव."